रामराम आणि गुड मॉर्निंग



आज एक गंमत करू. तुम्ही म्हणता, आम्हाला इंग्रजी येत नाही. आम्ही म्हणतो, थोडे येते. कसे ते पहा.

तुम्ही सकाळी उठलात. मोबाईल चार्जिंगला लावला. कपभर चहा घेतला. स्टॉपवर जाऊन एसटी धरली. कल्याण स्टेशनात तिकीट काढले. लोकलमध्ये बसून ठाण्याला गेलात.

आता मोजा. मोबाईल, चार्जिंग, कप, स्टॉप, एसटी, स्टेशन, तिकीट, लोकल. आठ शब्द झाले. आठही मूळचे इंग्रजी. तुम्ही ते रोज बोलता. बोलताना जीभ अडत नाही, की लाज वाटत नाही.

मग लाज वाटते कधी? समोरचा माणूस जेव्हा नवा इंग्रजी शब्द टाकतो, तेव्हा. तो शब्द आपल्याला कळत नाही. आणि कळला नाही असे सांगायचे धैर्य होत नाही. अशाने काय होते, त्याची एक गोष्ट सांगतो.

फास्टिंगची गोष्ट

आमच्या रात्रीच्या वर्गात एक मावशी येतात. मुरबाड रस्त्यावरच्या एका गावच्या. भाजी विकून संसार करतात. वय साठीचे, पण वर्गात सगळ्यांच्या आधी हजर.

मावशींना अधूनमधून चक्कर येऊ लागली. म्हणून त्या ठाण्याला एका दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी तपासले. रक्तातली साखर पाहायला सांगितले. तिथल्या बाई म्हणाल्या, "मावशी, उद्या सकाळी आठला फास्टिंगला या."

मावशी म्हणाल्या, "ओके."

मावशींना 'फास्ट' शब्द ठाऊक होता. कल्याणहून ठाण्याला त्या फास्ट लोकलनेच जातात. त्यांनी मनाशी अर्थ लावला, की उद्या फास्ट गाडीने या, उशीर करू नका. त्या पहाटे उठल्या. दवाखान्यात किती वेळ मोडेल कोण जाणे, म्हणून चहा-भाकरी पोटभर खाल्ली. एसटी धरली. पुढे फास्ट लोकल धरली. आठच्या आत दारात उभ्या.

"मावशी, काही खाल्लं नाही ना?"

"खाल्लं की. भाकरी खाल्ली, चहा घेतला."

"अहो, तुम्हाला फास्टिंग सांगितलं होतं ना!"

या ठिकाणी फास्टिंग म्हणजे उपाशीपोटी. रात्रीच्या जेवणानंतर साधारण आठ ते दहा तास काही खायचे नसते. साधे पाणी तेवढे चालते. मावशी तर जेवून आलेल्या. त्या दिवशी तपासणी झाली नाही. भाडे गेले. दिवसाची विक्री बुडाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा हेलपाटा पडला.

वर्गात ही हकीकत सांगितली तेव्हा सगळे हसले. मावशीही हसल्या. मग म्हणाल्या, "हसा, पण ऐका. शब्द मला कळला नव्हता. इचारायची लाज वाटली. म्हटलं, ती बाई म्हणेल एवढंही समजत नाही. म्हणून ओके म्हटलं."

यात चूक कोणाची? थोडी त्या बाईंची. 'उपाशीपोटी या' असे सांगणे काही जड नव्हते. थोडी मावशींची. पण सगळ्यात मोठा दोष त्या लाजेचा. ती लाज कशी घालवायची, ते आता पाहू.

शब्द कोणाच्या मालकीचे?

आपल्या मनात एक समजूत बसलेली असते. इंग्रजी शब्द शिकलेल्यांचे, आपण अडाणी. ही समजूत खरी नाही. शब्द कोणाच्या मालकीचे नसतात. माणसे एकमेकांत मिसळली की शब्दही मिसळतात. ठाणे-कल्याणच्या लोकांना हे सहज पटावे. कारण आपला मुलूख खाडीकाठचा. व्यापारासाठी आणि राज्य करण्यासाठी इथे दूरदूरचे लोक आले.

कागद, दुकान, बाजार, शहर, जमीन हे शब्द पहा. आपल्याला ते अगदी घरचे वाटतात. पण ते फारसी भाषेतून आले. ती जुन्या काळी दरबारची भाषा होती.

मग पोर्तुगीज आले. त्यांनी सुमारे दोनशे वर्षे वसई आणि ठाण्यावर अंमल केला. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे घेतले. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज गेले, पण त्यांचे शब्द मागे राहिले. पाव, बटाटा, कोबी, चावी, पगार हे सगळे पोर्तुगीज शब्द. कल्याण स्टेशनाबाहेर आपण वडापाव खातो. त्यातला वडा आपला. पण आतल्या बटाट्याचे नाव आणि बाहेरच्या पावाचे नाव पोर्तुगिजांचे. खाताना कोणाला त्याची आठवण होते का?

नंतर इंग्रज आले. त्यांनी १७७४ साली ठाणे घेतले. पुढे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटली. अंतर २१ मैल, म्हणजे ३४ किलोमीटर. गाडीला १४ डबे होते. आत सुमारे ४०० माणसे बसली होती. गाडी ओढायला तीन इंजिने लावली होती. गाडी सुटताना २१ तोफांची सलामी दिली. पुढच्याच वर्षी, १८५४ साली, रूळ कल्याणपर्यंत पोचले.

या रुळांवरून माणसे आली, माल आला आणि शब्दही आले. स्टेशन, तिकीट, सिग्नल, गार्ड, इंजिन. आपल्या वाडवडिलांनी ते शब्द शाळेत शिकले नाहीत. हमाली करताना, रूळ टाकताना, गाडीत बसताना त्यांनी ते उचलले आणि आपल्या तोंडाला बसतील असे करून घेतले. स्टेशनचे ठेसन केले. प्लॅटफॉर्मचा फलाट केला. बॉटलची बाटली केली. 'फलाट' तर आता पुस्तकातही छापतात.

आणखी एक पहा. आपण 'ती लोकल' म्हणतो, 'तो फोन' म्हणतो, 'ते तिकीट' म्हणतो. इंग्रजीत या शब्दांना ती, तो, ते असा भेद नाही. तो भेद मराठीने दिला. आपण 'तिकिटाचे पैसे' म्हणतो, 'फलाटावर उभा राहा' म्हणतो. पाहुणा घरात आला, चपला बाहेर काढल्या आणि आपल्या पंगतीत बसला. असा हा प्रकार आहे.

काही ठिकाणी आपल्या लोकांनी नवे मराठी शब्दही घडवले. ठाण्याला आणि कल्याण-डोंबिवलीला महानगरपालिका आहे. तिच्या प्रमुखाला इंग्रजीत मेयर म्हणतात. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी त्यासाठी 'महापौर' हा शब्द सुचवला. 'तारीख' या शब्दाऐवजी त्यांनी 'दिनांक' सुचवला. महापौर शब्द रुळला. दिनांक कागदावर रुळला, पण तोंडी आपण अजून तारीखच म्हणतो. म्हणजे शेवटी शब्द ठेवायचा की नाही, हे बोलणारी माणसे ठरवतात. त्या माणसांत तुम्हीही आहात.

भेटल्यावर काय म्हणावे?

आपल्याकडे भेटल्यावर बोलायचे शब्द पुष्कळ आहेत. कोणी रामराम म्हणतो. कोणी जय भीम म्हणतो. कोणी सलाम करतो. नमस्कार तर सगळ्यांनाच चालतो, आणि दिवसाच्या कोणत्याही वेळी चालतो. समोरचा जे म्हणेल, ते आपण परत म्हणावे. ही आपली जुनी रीत. इंग्रजीलाही तीच लावावी. त्याने गुड मॉर्निंग म्हटले, तर आपणही हसून गुड मॉर्निंग म्हणावे. आपण नमस्कार म्हटला तरी काही बिघडत नाही.

फक्त वेळ सांभाळावी लागते. दुपारी बारापर्यंत गुड मॉर्निंग. बारानंतर गुड आफ्टरनून. संध्याकाळी गुड इव्हनिंग. आता गुड नाईट. इथे पुष्कळजण चुकतात. रात्री कोणाच्या घरी गेल्या गेल्या गुड नाईट म्हणू नये. गुड नाईट निघताना किंवा झोपायला जाताना म्हणतात. रात्री नऊला गेलात तरी पोचल्यावर गुड इव्हनिंगच म्हणायचे.

फोनवर आपण 'हॅलो' म्हणतो. त्याची हकीकत गमतीची आहे. १८७६ साली ग्रॅहॅम बेल यांनी टेलिफोनचा हक्क नोंदवला. फोन उचलल्यावर खलाशांसारखे 'अहॉय' म्हणावे, असे त्यांना वाटे. एडिसन म्हणाले, 'हॅलो' बरे. लोकांनी एडिसनचे ऐकले. म्हणून शेतातून फोन केला तरी आपण आधी हॅलो म्हणतो आणि मग 'काय रे, कुठं आहेस?' असे विचारतो.

निघताना मुले 'बाय बाय' करतात. इंग्रजीत पूर्ण शब्द 'गुड बाय' असा आहे. 'देव तुमच्याबरोबर राहो' अशा अर्थाचे त्यांचे जुने वाक्य होते. ते झिजत झिजत हा शब्द झाला. म्हणजे आपल्या रामराममध्ये देव आहे, तसा त्यांच्या बायमध्येही देव लपला आहे. आपल्याकडे मात्र निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. नातवाला बाय करा. पण त्याला 'येतो' म्हणायलाही शिकवा.

थँक्यू, सॉरी आणि प्लीज

हे तीन शब्द गावोगाव पोचले आहेत. ते कुठे शोभतात ते पाहू.

रिक्षावाल्याने सामान उतरवून दिले. तिकीट खिडकीवरच्या माणसाने सुटे पैसे दिले. त्याला 'थँक्यू' म्हणा. शब्द लहान आहे, पण त्या माणसाला बरे वाटते. तुम्हाला कोणी थँक्यू म्हटले, तर 'वेलकम' म्हणा, किंवा 'अहो, त्यात काय!' म्हणा. दोन्ही चालेल. शेजारीण मध्यरात्री तुमच्या आजारी मुलाला घेऊन दवाखान्यात धावली, तर तिथे नुसते थँक्यू अपुरे पडते. तिथे 'तुम्ही होतात म्हणून निभावलं' असेच तोंडून निघते.

गर्दीच्या लोकलमध्ये कोणाच्या पायावर पाय पडला. लगेच 'सॉरी' म्हणा. आपल्याकडे त्या माणसाला हात लावून तो हात कपाळाला लावतात, तेही करा. पण कोणाच्या घरी माणूस गेले असेल, तर सॉरी म्हणून परत फिरू नये. तिथे जाऊन बसावे. 'फार वाईट झालं' एवढे म्हणावे. काही न बोलता बसले तरी चालते.

आता 'प्लीज'. इंग्रजीत लहानमोठ्या सगळ्यांना एकच 'यू'. म्हणून अदब दाखवायला त्यांना प्लीज लागते. मराठीत तू वेगळे, तुम्ही वेगळे, आपण वेगळे. आपली अदब त्यात आहे, आणि 'जरा' या शब्दातही आहे. हे दोन नमुने वाचा.

पहिला :
"ए काका, प्लीज सरक ना."

दुसरा :
"काका, जरा सरकता का? लेकरू आहे कडेवर."
"या ना ताई. डोंबिवलीला उतरायचंय मला. मग बसा सावकाश."
"बरं झालं. थँक्यू हं काका."
"अहो, त्यात काय!"

पहिल्यात प्लीज आहे, पण वडीलधाऱ्याला 'सरक' म्हटले आहे. ते कानाला खटकते. दुसऱ्यात प्लीज नाही, तरी बोलणे गोड आहे. आणि शेवटचे थँक्यू त्यात सहज मिसळले आहे. इंग्रजी शब्द असाच यावा. भाजीत मीठ असते तसा.

कुठे आवरावे?

काही लोक मोठेपणासाठी इंग्रजी शब्द पेरतात. 'माझ्या मदरला फीवर आलाय' असे म्हणतात. आईला ताप आलाय, हे सांगायला मराठी कमी पडते का? असे बोलून माणूस मोठा होत नाही. ऐकणारे मागून हसतात.

काका, मामा, मावशी, आत्या ही आपली वेगवेगळी नाती. इंग्रजीत काकाही अंकल आणि मामाही अंकल. अनोळखी माणसाला कोणी अंकल म्हणाले तर रागावू नये. पण घरात ज्याचे नाते त्याला द्यावे.

आणि कोणाच्या बोलण्याला हसू नये. कोणी ठेसन म्हणेल, कोणी आगरी बोलीत बोलेल, कोणी कातकरी बोलीत. बोलणे समजले की काम झाले. मघाशी फलाट शब्द पाहिला. तोही कोणाच्या तरी अशाच तोंडातून आला आहे.

अर्थ कळल्यावरच ओके

आता सगळ्यात महत्त्वाचे. 'ओके' हा शब्द आपण दिवसातून दहादा म्हणतो. त्याचा जन्म कसा झाला, ठाऊक आहे? १८३९ साली अमेरिकेतल्या बोस्टन शहराच्या एका वर्तमानपत्रात तो छापून आला. 'सगळे बरोबर' या अर्थाचे दोन इंग्रजी शब्द गंमत म्हणून मुद्दाम चुकीचे लिहिले आणि त्यांची पहिली अक्षरे घेतली. त्याचे झाले ओके. म्हणजे जगभर चालणारा हा शब्द चुकीच्या लिहिण्यातून निघाला. तेव्हा लिहिताना तुमची एखादी वेलांटी चुकली, तर फार मनाला लावून घेऊ नका.

पण ओकेचा अर्थ ध्यानात ठेवा. ओके म्हणजे सगळे बरोबर, मला कळले, मला मान्य आहे. कळलेच नसेल तर ओके कसे म्हणायचे?

स्टेशनावर 'फास्ट' आणि 'स्लो' हे शब्द कानावर येतात. फास्ट म्हणजे जलद गाडी. ती मधली लहान स्टेशने सोडते. स्लो म्हणजे धिमी गाडी. ती सगळीकडे थांबते. कल्याणहून कळव्याला जायचे आणि फास्टमध्ये बसलात, तर गाडी थेट ठाण्याला नेते. रविवारी 'मेगाब्लॉक' असतो. म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास काही रूळ बंद. अशा दिवशी आधी चौकशी करूनच घर सोडावे. हे शब्द न कळले तर एखादा तास मोडतो.

काही शब्दांनी मात्र घामाचा पैसा जातो. असा एक शब्द 'ओटीपी'. बँकेच्या कामात आपल्या मोबाईलवर एकदाच वापरायची एक गुप्त संख्या येते. तिला ओटीपी म्हणतात. ती घराच्या किल्लीसारखी. फोनवर कोणी कितीही गोड बोलला, तरी ती सांगायची नाही. खरी बँक ती फोनवर विचारत नाही. दुसरा शब्द 'केवायसी'. म्हणजे ग्राहकाची ओळख पटवणारे कागद. त्याचे काम बँकेत स्वतः जाऊन करावे.

आता आमच्या मावशींची दुसरी गोष्ट ऐका. फास्टिंगनंतर काही महिन्यांनी त्यांना एक फोन आला.

"हॅलो, मॅडम, बँकेतून बोलतोय. तुमची केवायसी पेंडिंग आहे. अकाउंट ब्लॉक होईल. आता एक ओटीपी येईल, तो सांगा."

किती शब्द! केवायसी, पेंडिंग, अकाउंट, ब्लॉक, ओटीपी. पूर्वीच्या मावशी असत्या तर ओके म्हणून मोकळ्या झाल्या असत्या. या वेळी त्या म्हणाल्या, "बाबा, मला यातलं काही कळलं नाही. एकेक शब्द मराठीत सांग."

"मॅडम, फक्त नंबर सांगा."

"आधी अर्थ सांग, मग बघू."

पलीकडच्याने फोन ठेवून दिला. मावशींच्या भाजीचे पैसे खात्यात जसेच्या तसे राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात हे सांगितले. या वेळीही सगळे हसले, पण ते हसणे वेगळे होते.

चुकून कोणाचे पैसे गेलेच, तर लाजून घरी बसू नका. लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. अशा फसवणुकीची तक्रार तिथे घेतात. जितकी घाई कराल, तितकी पैसे अडवून ठेवण्याची आशा जास्त.

तेव्हा मंडळी, रामराम म्हणा, गुड मॉर्निंगही म्हणा. थँक्यू म्हणा, सॉरी म्हणा. आणि एक वाक्य मात्र मराठीतच पाठ करून ठेवा. दवाखान्यात, बँकेत, कचेरीत, फोनवर, कुठेही ते उपयोगी पडेल. "मला हा शब्द कळला नाही. जरा मराठीत सांगता का?"

हे वाक्य म्हणताना मान खाली घालू नका. बरे, येतो आम्ही. रामराम.

सराव

१. रात्री नऊ वाजता पाहुण्यांच्या घरी पोचल्यावर काय म्हणाल? तिथून निघताना काय म्हणाल?

२. मावशींना 'फास्टिंग' शब्दाचा कोणता अर्थ वाटला? खरा अर्थ कोणता होता?

३. गाळलेला शब्द भरा :
(अ) मोबाईलवर येणारी गुप्त संख्या म्हणजे ........
(आ) मधली लहान स्टेशने सोडणारी लोकल म्हणजे ........ लोकल.
(इ) पाव आणि बटाटा हे शब्द ........ भाषेतून आले.

४. हे वाक्य वडीलधाऱ्या माणसाला शोभेल असे करून लिहा : "ए मामा, प्लीज ती पिशवी दे."

५. उद्या दिवसभरात कानावर आलेले पाच इंग्रजी शब्द वहीत लिहा. त्यातला जो कळला नाही, त्याचा अर्थ कोणाला तरी विचारा. कोणाला विचारला आणि काय सांगितले, ते वर्गात वाचून दाखवा.